खोक्यातली एकवीस पुस्तकं

सोलापूर, ९ जानेवारी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझं खोकं पोचलं. एकवीस पुस्तकं निघाली. ‘सगळी वायएच आहेत, ओमला बिनधास्त दे,’ असं तू चिठ्ठीत लिहिलंयस. सगळी नाहीत गं. वायए, म्हणजे यंग अडल्ट, किशोरांसाठीची, नऊ आहेत. सात न्यू अडल्ट, म्हणजे त्यापुढच्या, अठरा ते पंचवीसच्या वयाची आहेत, आणि उरलेली पाच सरळसरळ मोठ्यांच्या प्रेमकथा आहेत. त्यांच्या मुखपृष्ठावर गुलाबी-निळी कार्टूनं काढलीत, म्हणून तू फसलीस. हल्ली मोठ्यांच्या प्रेमकथांना सर्रास असली चित्रं घालतात. आठवीच्या सहलीवरचं पुस्तक वाटावं अशी चित्रं, आणि आत भलतंच. मुखपृष्ठावर विसंबायचे दिवस गेले.

हे तीन ढीग कसे पडले ते लिहिते, म्हणजे पुढचं खोकं तू तिकडेच निवडून पाठवशील.

पहिलं म्हणजे नायिकेचं वय बघून ठरवू नकोस. वायए म्हणजे बारा ते अठराच्या वाचकासाठी, हे खरं; पण चौदा वर्षांची मुलगी मोठ्यांच्या कादंबरीतही असते. बघायचं ते हे, की गोष्ट सांगणारा त्या वयापासून किती लांब उभा आहे. ‘श्यामची आई’त श्याम मोठा झालाय, आश्रमात मित्रांना रात्री बसून सांगतोय. काय झालं आणि त्याचा अर्थ काय, दोन्ही त्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून ती मुलांना वाचून दाखवायची गोष्ट होते, पण वायए होत नाही. याउलट बोकिलांची ‘शाळा’. नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ, आणि मोठेपणीचं शहाणपण मध्ये तोंड घालत नाही. बाहेरच्या देशात ही कादंबरी वायएच्या फळीवर ठेवली असती. आपल्याकडे २००४ साली आली ती मोठ्यांची कादंबरी म्हणूनच, कारण ती फळीच आपल्याकडे नाही. कुठल्याही वाचनालयात जा, बालविभाग असतो आणि मग एकदम ‘कादंबरी’. मधल्या वयाला पायरीच नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, युवा पुरस्कार २०११ पासून. पण युवा पुरस्कारात मोजतात ते लेखकाचं वय, पस्तिशीच्या आतलं. वाचक युवा आहे की आजोबा, कुणी विचारत नाही.

तेव्हा पुस्तक उघडलंस की ‘तेव्हा मला काय माहीत होतं की पुढे...’ अशी वाक्यं शोध. पहिल्या वीस पानांत तीन-चार सापडली तर सांगणारा मोठा झालाय, पुस्तक वायए नाही. वाईट आहे असं नव्हे, ते दुसऱ्या फळीवरचं आहे.

इंग्रजीत ही फळी काही आभाळातून पडली नाही. ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आलं तेव्हा एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती. त्या वयाच्या पोरांबद्दल त्याच वयाच्या पोरीने लिहिलेलं, म्हणून त्यातली भाषा बनावट वाटत नाही. मग हॅरी पॉटर इतका विकला गेला, की न्यूयॉर्क टाइम्सने २००० साली मुलांच्या पुस्तकांची खपाची यादीच वेगळी केली. आणि ‘न्यू अडल्ट’ हा शब्द तर अगदीच अलीकडचा. सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने २००९ मध्ये एक स्पर्धा लावली, वायएसारखं पण मोठ्यांसाठी छापता येईल असं लिहिणारे हवेत म्हणून. अठरा ते पंचवीसचं वय, घर सोडल्यानंतरचं. कल्पना झकास होती. पुढे तिचं काय झालं ते सांगतेच.

पण आधी छापाचं पान. शीर्षकाच्या पानामागे बारीक अक्षरात जे असतं, ते कुणी वाचत नाही. तू वाच. लेबलं जागा बदलतात. तुझ्या खोक्यातलं ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ साली किशोरांसाठी म्हणून आलं होतं, २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठांसह मोठ्यांच्या विभागात गेलं. गोष्ट तीच. जुनी प्रत हाती पडलेली आई ‘वायएच तर आहे’ म्हणून बाराव्या वर्षी देऊन मोकळी होणार. बऱ्याच नव्या पुस्तकांत सुरुवातीला आशयाच्या सूचना असतात, हिंसा, आत्महत्येचे उल्लेख, जबरदस्ती वगैरे. त्याही बघ, पण त्या नाहीत म्हणजे आत काही नाही असं धरू नकोस. आपल्याकडे पुस्तकावर सिनेमासारखं वयाचं प्रमाणपत्र नसतं.

आता ओमचं. मारामारी चालते आणि चुंबन चालत नाही, हा आपल्या घरांमधला न्याय मला कधी पटला नाही. चौदा वर्षांचा मुलगा प्रेमाचं पान वाचून बिघडत नाही. मी बघते ते वेगळंच. पुस्तकात कुणी ‘नाही’ म्हटलं, तर ते ऐकलं जातं का? सातपैकी तीन न्यू अडल्टमध्ये नायक तिचा फोन तपासतो, ती कुणाशी बोलली म्हणून भिंतीवर मूठ आपटतो, न सांगता तिच्या वसतिगृहाच्या दारात उभा राहतो, आणि लेखिका या सगळ्याला तीव्र प्रेम म्हणते. वीस वर्षांची तू ते वाचून हसशील, कारण तुझ्याकडे तुलनेला खरी माणसं आहेत. ओमकडे अजून नाहीत. त्याला तो नायक नमुना वाटेल. म्हणून ती तीन वर ठेवलीत.

‘द हंगर गेम्स’ मात्र दिलंय, रक्तपात असूनही. त्यात एकमेकांना मारायच्या जीवघेण्या खेळासाठी बारा ते अठराच्या मुलांच्या नावांची सोडत निघते हे सगळ्यांना आठवतं. पण घरी धान्य आणि तेल जादा हवं असेल तर आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या सोडतीत घालाव्या लागतात, हा तपशील लोक विसरतात. गरिबाचं नाव निघण्याची शक्यता का जास्त, ते तिथे दोन ओळींत कळतं. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कादंबरीतलं जग पक्कं उभं राहतं ते नकाशांनी नव्हे, असल्या हिशेबांनी.

आणि न्यू अडल्टवर माझा खरा राग आहे तो इथेच. घर सोडल्यावरचं वय म्हणून जे मांडायचं ठरलं होतं, त्यात पहिली खोली, पहिला पगार, डिपॉझिट, मेसचा डबा, कर्जाचा हप्ता, आजारी पडल्यावर औषध कोण आणणार, हे सगळं यायला हवं होतं. आलं फक्त प्रेम. २०१२च्या सुमाराला लेखिकांनी स्वतःच ई-पुस्तकं काढायला सुरुवात केली, त्यातल्या प्रेमकथाच धडाधड खपल्या. दुकानदारांकडे या प्रकाराला वेगळी फळी नव्हती, मग त्यांनी ती प्रेमकथांच्याच फळीत सरकवली. ज्या फळीत पुस्तक ठेवतात, तसंच पुढचं लिहिलं जातं. आता त्यात ड्रॅगन आणि पऱ्या मिसळून ‘रोमँटसी’ झालंय.

एक सोपी कसोटी सांगते. पुस्तकातला पैसा मोज. नायिका वेटर म्हणून काम करते असं पहिल्या प्रकरणात असतं. शंभराव्या पानापर्यंत ती किती वेळा कामावर गेली? भाडं कुणी भरलं? तुझंच घे, कॉटचे सहा-सात हजार आणि मेसचे तीन-साडेतीन वजा केले की महिनाअखेर तुझ्या हातात काय उरतं ते तुला पाठ आहे. त्या नायिकांना ते कधीच पाठ नसतं. दुसरं, आईबाप मोज. बहुतेकांचे पहिल्या प्रकरणाआधीच वारलेले, नाहीतर दुष्ट, नाहीतर ‘प्रवासात’. कारण उघड आहे. आई रोज रात्री नऊला फोन करत असेल तर कथानक पुढे सरकायचं कसं! आणि ते ‘लॉजमध्ये एकच खोली, एकच पलंग’ प्रकरण. आपल्याकडच्या लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड मागितल्यावर त्या प्रकरणाचं काय झालं असतं, याचा विचार करून मला एकटीलाच हसू आलं.

मराठीत हे वय लिहिलंच गेलं नाही असं नाही. ‘कोसला’ १९६३ची. पंचविशीचा पांडुरंग, गावाहून पुण्याला कॉलेजात, मेस, खोली, उधारी, आणि परत गावी. न्यू अडल्ट हा शब्द जन्मायच्या सेहेचाळीस वर्षं आधी. फरक शेवटाचा. तिकडच्या प्रेमकथेत शेवट गोड हवा हा जवळजवळ करारच असतो. पांडुरंगाला कुणी असं वचन दिलेलं नाही. तुझ्याकडे नेमाड्यांची प्रत नसेल तर घरची घेऊन जा, फक्त पहिल्या पन्नास पानांत टाकून देऊ नकोस.

मला वाचायचंय ते अजून कुणी लिहिलेलं नाही, निदान माझ्या हाती पडलेलं नाही. आपल्याच सोलापूरच्या पूर्व भागातली सतरा वर्षांची मुलगी, घरात तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोटकडच्या मैत्रिणीशी कन्नड. आई विड्या वळते, मजुरी हजार विड्यांमागे, बाप यंत्रमागावर. ती बारावीनंतर काय करणार? यात प्रेम आलं तरी चालेल. पण हजार विड्यांचा हिशेब आधी यायला हवा.

तू खोक्यातल्या एका पुस्तकाचं मराठी करायचं म्हणत होतीस, त्याबद्दल तीन गोष्टी. त्या पुस्तकात सगळं ‘मी’ आणि सगळं वर्तमानकाळात आहे. इंग्रजीत ते धावतं. मराठीत ‘मी धावते’ केलंस तर बाई रोज सकाळी पार्कात धावायला जाते असं वाटेल. ‘मी धावतेय’ केलंस तर तीनशे पानं तेय-तेय-तेय. मी म्हणते, कणा साध्या भूतकाळाचा ठेव, ‘धावले, पडले, उठले’, आणि जिथे खरोखर श्वास अडकायला हवा तेवढ्या पानावर वर्तमानकाळ आण. दुसरं, एक प्रकरण तिचं, एक त्याचं अशी मांडणी आहे. इंग्रजीत दोघांचा आवाज सारखाच येतो, म्हणून प्रकरणावर नाव घालावं लागतं. मराठीत ‘मी निघाले’, ‘मी निघालो’ म्हटलं की झालं. गंमत म्हणजे लपवायचं असेल तर तेही जमतं. ‘मी दार लावलं, चहा केला, पत्र फाडलं’ यात बाई की पुरुष कळत नाही, कारण क्रियापद कर्माच्या मागे जातं. मूळ लेखिकेला ही सोय नव्हती, तुला आहे. तिसरं, तू आणि तुम्ही. कॉलेजातली पोरं पहिल्या दिवसापासून तू म्हणतात, तिथे अडचण नाही. पण ज्या पुस्तकात ती शिकाऊ आणि तो साहेब आहे, तिथे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कुठल्या वाक्याला यायचं हे भाषांतराला बसण्याआधी ठरव आणि वहीत पान क्रमांक लिहून ठेव. नाहीतर ऐंशीव्या पानावर तू आणि नव्वदाव्या पानावर पुन्हा अहो, असं होतं. मूळ पुस्तकात जो क्षण नाही, तो आपल्या भाषेत फुकट मिळतोय; तो निष्काळजीपणे खर्चू नकोस.

विकत घेताना तीन ठिकाणी उघड. पहिली दहा पानं, मग बरोबर मधलं पान, मग पहिल्या भांडणानंतरची दोन पानं. शेवटच्या ठिकाणी कुणीतरी माफी मागत असेल आणि ती कशाबद्दल ते नीट सांगत असेल, तर पुस्तक घे. नुसतं पावसात भिजत असतील तर ठेव परत. वायए साधारण पन्नास ते ऐंशी हजार शब्दांचं असतं. ऐंशी हजार म्हणजे सावकाश वाचणाऱ्याला सहा-साडेसहा तास, हुतात्मा एक्स्प्रेसने येऊन-जाऊन संपेल. रोमँटसीची सहाशे पानं मात्र जपून. त्यातला मधला तिसरा हिस्सा बऱ्याचदा पुढच्या भागाची भरती असते. मालिका असेल तर एकदम सगळे भाग घेऊ नकोस.

रस्त्यावर दीडशेला मिळणारी घेऊ नकोस. नकली प्रत ओळखायला सोपी आहे. कागदाची पलीकडची छपाई अलीकडे दिसते, पाठीवरची अक्षरं तिरकी असतात, शाई बोटाला लागते, आणि हमखास सोळा पानांचा एक फर्मा गायब किंवा दोनदा. तुझ्या एकवीसमध्ये अशी दोन आहेत. एकाचं २०८वरून थेट २२५. तुला वाचताना कळलं नाही, म्हणजे तो भरतीचाच भाग असणार.

जाड पुस्तकं माळ्यावर ठेवली नाहीत. एप्रिलमध्ये इथे पारा बेचाळीसच्या वर गेला की पत्र्याखाली पाठीचा गोंद सुटतो आणि पानं मुठीने हातात येतात. खालच्या कपाटात, उभी, फार दाबून नाही, अशी लावलीत.

ओमने पहिल्याच रात्री शेवटचं पान आधी वाचलं. आता म्हणतो, दुसरा भाग कुठाय. तो खोक्यात नाही, तुझ्या खोलीवर असणार. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी येशील तेव्हा घेऊन ये, आणि शेंगाचटणीचा रिकामा डबाही.

तुझी,
आई