दूध नासलेलं नाही

तीर्थरूप आई-बाबांस सा. न.

काल आई म्हणाली, ‘डुकरिणीची अकरा पिल्लं होती, हगवणीनं आज चार उरली.’ मग बाबांनी फोन घेतला आणि एवढंच बोलले, ‘डुकरिणीचं दूध नासलं असणार.’ रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर समजावलं असतं तर बाबांनी ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून दिला असता, म्हणून लिहिते आहे.

बाबा, दूध नासलेलं नाही. ओकारीत दिसतात त्या गाठी न पचलेल्या दुधाच्या आहेत. पिल्लाच्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. हगवणीचा विषाणू तीच झडवतो. मग दूध पोटात जातं पण अंगी लागत नाही, उलट आतड्यात साचून अंगातलं पाणी ओढून घेतं. तीन आठवड्यांच्या पिल्लाची लव दोन-तीन दिवसांत परत येते, नुकत्या जन्मलेल्याला पाच-सात दिवस लागतात. तेवढं पाणी त्या मुठीएवढ्या जिवात कुठून असणार? म्हणून मोठी डुकरं चार दिवस हगून उभी राहतात आणि आठवड्याच्या आतल्या पिल्लांचं वेतच्या वेत जातं. तुम्ही रात्रभर जागला असतात तरी त्या सातांतली फारशी वाचली नसती.

अँटिबायोटिकच्या सुया मात्र थांबवा, विषाणूला त्यांचं काही वाटत नाही. पीईडी, टीजीई की रोटा, यांतला कुठला विषाणू आहे हे नुसत्या हगवणीवरून ओळखता येत नाही. डॉक्टरांना ताज्या मेलेल्या पिल्लाचं आतडं तपासणीला पाठवायला सांगा. आई, तू विचारलंस ना, पीईडी आणि टीजीई माणसाला होत नाहीत.

उरलेल्या चौघांना आईपासून तोडू नका. डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लाला तिची प्रतिकारशक्ती मिळत नाही. जे मिळतं ते पहिल्या दिवसाच्या चिकातून आणि नंतर रोजच्या दुधातून. हिला हा आजार आधी झालेला नसेल, तर चिकात तरी काय असणार? आता मात्र दुधात थोडं थोडं येऊ लागेल. मध्ये मध्ये क्षारांचं पाणी पाजा, खाली कोरडं ठेवा आणि दिव्याची ऊब ३२ ते ३५ अंशांपर्यंत राहू द्या. थंडीनं काकडलेलं पिल्लू सडाला तोंडच लावत नाही.

आता खरी काळजी गाभण तिघींची. काही ठिकाणी विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी गाभणींना मुद्दाम संसर्ग देतात, म्हणजे चिकात संरक्षण उतरतं. पण त्याच वाटेनं दुसरे रोगही पसरतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसलं काही करू नका.

आणि बाबा, रागावू नका. सकाळी उठल्या उठल्या आजाऱ्यांकडे धावायची तुमची सवय मला ठाऊक आहे. आता उलटं करा: आधी गाभणी, मग बाकीची, हगवणवाली सगळ्यांत शेवटी. त्यांच्यासाठी बूट वेगळे ठेवा. शेण चिकटलेल्या बुटावर नुसतं जंतुनाशक ओतून भागत नाही, आधी घासून धुवायला हवेत.

तिघींच्या विण्याच्या तारखा आईकडून कळवा. पहिलीच्या आधी मी येते.

तुमची,
धाकटी