दाभोळकर कॉर्नर आणि माझा राग

संपादक साहेब, नमस्कार. परवा संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला एका पोरानं कट मारला आणि मी, पन्नाशीतला माणूस, काच खाली करून त्याला नको नको ते बोललो, मागं लेक बसलेली. दोन दिवस तेच डोक्यात आहे. आपण चुकलो की घाई होती म्हणतो, दुसरा चुकला की त्याला माज आलाय. दुसऱ्याची अडचण न बघता त्याच्या स्वभावालाच दोष द्यायच्या ह्या सवयीला ली रॉस ह्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्येच नाव दिलंय, फंडामेंटल अ‍ॅट्रिब्यूशन एरर. त्या पोराच्या घरचं कोण सीपीआर दवाखान्यात ॲडमिट असेल तर मला काय माहीत! आणि ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, रागानं मागं बघेपर्यंत पुढं कुणी आलं तर? लायसन्सला गाडीनं आठचा आकडा काढून घेतात, रागाचं कोण विचारत नाही, तेवढं शिकवा की.

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर