आमच्या वाडीवर येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात माझ्यासारख्या कितीतरी अंगणवाडी सेविका आहेत. मान न धरणारं, हाक मारली तरी न बघणारं एखादं लेकरू त्यांच्याही वाडीत असेल. अशा लेकरासाठी काय काय करता येतं, ते तुमच्यामुळे आम्हाला कळलं. त्यांनाही कळावं.

आमच्या वाडीतला तो मुलगा जन्मल्यावर लवकर रडला नव्हता. वर्षाचा होत आला तरी मान डगडगायची, मुठी घट्ट मिटलेल्या, उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. घरच्यांनी मालिश केली, अंगारा लावला, खंडोबाला नवस बोलले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या डॉक्टरांनी त्याला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं, तिथं लेकरांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार होतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हातापायांच्या हालचालीवर ताबा न राहणं, हे नाव घरच्यांनी तिथं पहिल्यांदा ऐकलं. मेंदूला झालेली इजा भरून निघत नाही, हे तुम्ही त्याच्या आईला पहिल्याच दिवशी सांगितलंत. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ फार झपाट्यानं होते, तेवढ्यात हात लागला तर लेकरू पुष्कळ शिकतं, हेही सांगितलंत. खोटी आशा लावली नाहीत, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो.

पण उपचार बीडला आणि लेकरू डोंगरात. वाडीवरून फाट्यापर्यंत चालत, मग एसटी, की दिवस मोडला. त्या दिवसाची मजुरी बुडाली. कडक झालेलं लेकरू मांडीवर घेऊन गर्दीच्या गाडीत बसणं किती अवघड असतं, ते आईलाच ठाऊक. अशा वेळी "लोकांना गांभीर्य नाही" असं म्हणणारे खूप भेटतात. तुम्ही पथकाच्या गाडीत बसून आमच्याकडे आलात.

आल्या त्या दिवशी तुम्ही आधी व्यायाम दाखवले नाहीत. चुलीजवळ बसून आजी त्याला कसं भरवते ते बघत राहिलात. आजी त्याला मांडीवर आडवा घेऊन, मान मागे टाकून, वरणात कुस्करलेली भाकरी तोंडात सोडत होती. प्रत्येक घासाला त्याला ठसका लागायचा. तुम्ही आजीला "असं करू नका" म्हणाला नाहीत. "आजी, मी जरा बघू का?" म्हणत त्याला उचलून आजीच्या मांडीवर सरळ बसवलंत. पाठ आजीच्या पोटाला टेकवली, हनुवटी किंचित खाली घेतली, लहान चमच्यानं समोरून घास दिलात आणि तो गिळेपर्यंत थांबलात. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनळीत जातो, छाती भरते, हे त्यानंतर समजावलंत. मग चमचा आजीच्या हातात दिलात. सारखा होणारा त्याचा खोकला त्या हिवाळ्यात खूप कमी झाला. वजनाचा काटा मी दर महिन्याला बघते, तोही हळूहळू वर सरकू लागला.

बाकीचे धडेही तसेच, घरच्या कामात बसणारे. कडेवर घेताना पाय दोन्हीकडे फाकवून घ्यायचं, म्हणजे कात्री पडत नाही. न्हाऊ घालताना मूठ अंगठ्याच्या बुडापासून उघडायची. वाकळेची गुंडाळी छातीखाली देऊन पालथं ठेवायचं, समोर कोंबडीची पिल्लं सोडायची, मग तो आपोआप मान उचलतो.

आणि ऊसतोडीचा हंगाम! आमच्याकडची निम्मी वाडी दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जाते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मजुरीची उचल आगाऊ घेतलेली असते, मजूर नेणारा मुकादम थांबत नाही. लेकरंही आईबापाबरोबर फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत जातात आणि पावसाळाभर शिकवलेलं तिथं वाया जातं. तुम्ही ती अडचण आधीच ओळखलीत. युरियाचं रिकामं पोतं स्वच्छ धुऊन, त्यात पाचट (उसाचा वाळलेला पाला) ठासून, वरून जुन्या लुगड्याचा कपडा शिवून लोड कसा करायचा, ते त्याच्या आईला दाखवलंत, कारण पाचट तर फडात लागेल तेवढं मिळतं. केसपेपरच्या मागं मोठ्या मराठी अक्षरांत सगळं लिहून दिलंत, म्हणजे तिकडच्या दवाखान्यातही कुणी वाचलं तर कळेल. दर आठवड्याला फोन करून तो कसा बसतो ते विचारत राहिलात. पाडव्याच्या सुमाराला गाडी परत आली तेव्हा तो लोडाला टेकून, हात टेकवून बसत होता. आजी ओट्यावरून उठून धावली.

पाऊल आत वळलेल्या त्या मुलीचंही लिहायला हवं. ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, असं म्हणत सासरचे तिच्या आईलाच बोल लावत होते. तुम्ही सासूला जवळ बसवून सांगितलंत की याला आईचा काही दोष नाही. दर आठवड्याला नवीन प्लास्टर, मग टाचेजवळ छोटा छेद, मग पट्टीचे बूट, म्हणजे एका पट्टीला जोडलेले दोन बूट. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, पुढे चार-पाच वर्षांची होईपर्यंत फक्त झोपेत. बूट सोडले तर पाऊल पुन्हा वळतं, हे तुम्ही इतकं पटवलंत की त्या वर्षी बाप जोडीशिवाय एकटाच, अर्ध्या कोयत्यावर गेला आणि आई लेकीसाठी घरी राहिली. घरात पैसा कमी आला. तरी त्यांनी ते केलं, त्यांचेही इथं आभार मानते.

माझं स्पष्ट मत आहे की फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार ही जिल्ह्याच्या ठिकाणी बसून वाट बघण्याची कामं नव्हेत. तुमच्यासारखी माणसं तालुक्याला कायम हवीत, त्यांच्यासाठी गाडी हवी, आणि ऊसतोड्यांची लेकरं जिथं जातात तिथल्या केंद्राला त्यांची नावं आधी कळायला हवीत. ज्यांच्या हातात हे आहे त्यांनी मनावर घ्यावं.

मॅडम, यंदा दसऱ्याच्या आधी एकदा या. खालच्या तांड्यावर एक लेकरू आहे, भांडं पडलं तरी दचकत नाही. "बापही उशिराच बोलला होता" असं घरचे म्हणतात, पण कानाची तपासणी करायला मी त्यांना तयार केलं आहे. वाचा-उपचाराच्या मॅडमना सोबत आणता आलं तर फार बरं होईल. गाड्या निघायच्या आत त्याला दाखवायचं आहे.

तुमची,
डोंगरपट्ट्यातली एक अंगणवाडी सेविका
जि. बीड