दर्जा लिहिलाय, धोका कुठे लिहिलाय?

मा. संपादक,

2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आनंद सगळ्यांनाच झाला, मलाही झाला. पण तेव्हापासून जिकडे बघावं तिकडे चर्चा एकच, आता पुढचा नंबर कोणाचा, अजून कोणत्या किल्ल्याला दर्जा मिळणार. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आपल्या याद्या वास्तू किती महत्त्वाची हे सांगतात, ती किती धोक्यात आहे हे सांगतच नाहीत. आणि वास्तू वाचवायची तर दुसरी गोष्ट आधी कळायला हवी ना?

केंद्राच्या यादीत साधारण 3700 स्मारकं आहेत. 2013 मध्ये कॅगच्या, म्हणजे सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या, लोकांनी त्यातली 1655 प्रत्यक्ष जाऊन बघितली तर 92 जागेवर सापडलीच नाहीत. कागदावर राष्ट्रीय महत्त्वाची, जागेवर पत्ता नाही! पुढे शोधाशोध झाल्यावर त्यातली 42 सापडली, बाकीच्यांपैकी काही शहरं वाढली त्यात गेली, काही धरणाच्या पाण्याखाली आणि 24 चा शेवटपर्यंत मागमूस नाही. मार्च 2024 मध्ये 18 स्मारकं यादीतून काढायची अधिसूचनाही निघाली. आता धरण काय एका रात्रीत बांधून होतं का, पाणी चढणार हे आधी माहीत असतंच, पण यादीत ते लिहायला जागाच नाही.

मुंबईत 1995 पासून वारसा इमारतींना श्रेणी आहेत, पहिलीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही आणि तिसरीत बाहेरूनही बदल करता येतात. म्हणजे ज्या इमारतीवर रिडेव्हलपमेंटचा डोळा असायची शक्यता सगळ्यात जास्त तिलाच संरक्षण सगळ्यात कमी. श्रेण्या चुकीच्या आहेत असं नाही म्हणत, त्या वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतात एवढंच.

आणि यादीतच नसलेल्यांचं तर विचारूच नका. बारवा म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, वीरगळ म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव दगड, गावाबाहेरची जुनी देवळं. इथे पाडणारा कोणी दुष्ट माणूस नसतो हो, गावकरीच वर्गणी काढून हौसेने जीर्णोद्धार करतात, दगडाला ऑईल पेंट, गाभाऱ्यात टाईल्स, सांध्यांमध्ये सिमेंट. जुन्या बांधकामातला चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवून धरतं, मग ओल आणि क्षार दगडातून बाहेर यायला बघतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. हे गावात जाऊन कोणी सांगितलंय का कधी? निळा बोर्ड लावला की पुरातत्त्व खात्याचं काम संपलं, आणि इथे तर बोर्डही नाही.

युनेस्कोने हे केव्हाच वेगळं केलंय, त्यांची धोक्यातल्या स्थळांची स्वतंत्र यादी असते. हंपी 1999 ते 2006 त्या यादीत होतं, कारण काय तर परिसरात चाललेलं पुलाचं बांधकाम. आपल्याकडे तेव्हा नाचक्की झाली असं लोकांना वाटलं, पण त्या यादीमुळेच विषय ऐरणीवर आला. आणि ऐकलं नाही तर जागतिक वारसा यादीतूनच नाव जातं, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं 2009 मध्ये गेलं, तेही पुलापायीच.

आपल्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातही वर्गवारीचा विचार आहे, 2010 च्या दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमलं त्याच्या कामात ती येते. फक्त त्या वर्गवारीत धोक्याचा एक रकाना वाढवा. तडे, झाडांची मुळं, अतिक्रमण, शेजारची खोदाई, जे असेल ते, शेवटची पाहणी कधी झाली ते आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे जबाबदारी ते. दरवर्षी जाहीर करा, नेटवर टाका. लोकांनी फोटो पाठवले तर तेही तपासून घ्या, गडांवर दर रविवारी किती ट्रेकर असतात, एवढी फुकटची पाहणी कोणाला मिळते!

एक अडचण मात्र खरी आहे. त्या 12 किल्ल्यांतले 8 केंद्राकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे 4 राज्याकडे. दोन खाती, दोन कायदे. तेव्हा निदान हा रकाना तरी दोघांनी एकाच नमुन्यात भरावा, आणि सुरुवात या 12 पासूनच करावी, कारण त्यांची कागदपत्रं युनेस्कोसाठी नुकतीच तयार झालेली आहेत, पुन्हा शून्यापासून काही करायचं नाहीये.

आपला,
एक नियमित वाचक