शेवाळासाठी बंद राहणारी बाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की आपल्याकडच्या पर्यटन पुरवण्यांतून हॉलंडच्या ट्युलिपची छायाचित्रे झळकू लागतात आणि सहलींची नोंदणी भराभर होते. त्याच देशातील द हेग शहरात, क्लिंगेनडाल उद्यानाच्या आत एक जुनी जपानी बाग आहे, तिच्याविषयी मात्र मराठीत फारसे वाचल्याचे मला आठवत नाही. मुलीकडे गेले असताना मे महिन्यात ती पाहण्याचा योग आला, म्हणून हा पत्रप्रपंच.

'लेडी डेझी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गरिट व्हान ब्रीनेन या सरदार घराण्यातील बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही बाग करवून घेतली. जपानला त्या जाऊन आल्या होत्या आणि तेथून दगडी दिवे, पाण्याचे कुंड, छोटे पूल असे बरेच काही त्यांनी बोटीने आणवले. २००१ पासून बागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे. प्रवेश विनामूल्य आहे, पण दार वर्षातून वसंतात साधारण सहा आठवडे आणि शरदात जेमतेम दोन आठवडेच उघडते, कारण तेथील सारी जमीन ज्याने मढली आहे ते शेवाळ माणसांची सततची ये-जा सोसू शकत नाही.

माझे बालपण कोकणात गेले. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर आणि विहिरीच्या पायऱ्यांवर चढलेले शेवाळ करवंटीने खरवडून काढणे हे आम्हा मुलांचे ठरलेले काम, त्यामुळे शेवाळ म्हणजे पाय घसरण्याचे निमित्त, एवढीच माझी समजूत होती. येथे त्याच शेवाळासाठी दहा महिने फाटक बंद ठेवतात, हे पाहून मी थबकलेच. वाकून पाहिले तर एकाच हातभर जागेत तीन-चार प्रकारची शेवाळे होती: एक मखमलीसारखे दाट, एक बारीक नेच्यासारखे पसरलेले, तर एक चांदण्यांसारख्या टोकांचे. शेवाळाला खरी मुळे नसतात. ते अंगानेच पाणी पिते आणि जमिनीला नुसते बिलगून असते. म्हणूनच एका पावलाने ते उखडते आणि भरून यायला फार काळ जातो. वळणावळणाने जाणारा ओढा, लाल पूल आणि फुललेली अझेलिया यांची शोभा मोठीच होती, पण माझे मन त्या हिरव्या जमिनीवरच खिळले होते.

तेवढ्यात मागून मराठी शब्द कानावर आले, "अगं, जरा आत सरक, दिवा फोटोत येत नाहीये." बोलणाऱ्यांच्या सोबतची तरुणी पायवाट सोडून आत गेली. फोटो झाला आणि मंडळी पुढे निघाली. शेवाळात मात्र टाचेचा खळगा राहिला आणि त्याच्या कडेला काळी माती उघडी पडली. परक्या मुलखात आपली भाषा ऐकून एरवी जो आनंद होतो, त्याच्या जागी मला मनापासून लाज वाटली. त्यांना तेथल्या तेथे सांगायचे धैर्य मला झाले नाही, याची खंत आजही आहे.

आपल्या पुण्यातही सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधील ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून ते बेतले आहे. जपानी बाग आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही. तेव्हा आपल्या पुरवणीत क्लिंगेनडालविषयी लेख येईल तेव्हा, आणि तो यावा अशी माझी इच्छा आहेच, छायाचित्रांइतक्याच ठळकपणे ती बाग का बंद ठेवतात हे छापावे. उघडण्याच्या तारखा आधी पाहून जावे, पायवाट सोडू नये आणि मुलांचा हात धरून ठेवावा, एवढ्या सूचनाही त्यात असाव्यात, ही नम्र विनंती.

त्या दिवशी मी निघता निघता तेथले एक माळीबुवा गुडघे टेकून बसले होते. उखडलेला शेवाळाचा तुकडा त्यांनी खळग्यावर ठेवला, तळहाताने हलके दाबला आणि झारीने वर पाणी शिंपडले.

आपली,
एक वाचक, पुणे