चिमीच्या संगोपनाविषयी अविनाशला पत्र

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र पोचले. चिमी, तुमचे लॅब्राडॉरचे पिल्लू, घरी आल्यापासून सर्वांची झोप उडाली आहे, एकही चप्पल धड राहिलेली नाही आणि घरातला प्रत्येक जण तिच्याबाबत निराळा सल्ला देतो आहे, असे तू लिहिले आहेस. पहिल्या दोन गोष्टी काही महिन्यांत मार्गी लागतील; तिसरीचा बंदोबस्त मात्र तुलाच करावा लागेल. तुझ्या प्रश्नांची उत्तरे देतो, पण क्रम माझा ठेवतो, कारण ज्या गोष्टींनी तू हैराण झाला आहेस त्या तिच्या आयुष्याच्या हिशेबात किरकोळ आहेत, आणि 'दिलेले सगळे चाटूनपुसून खाते आणि तरी मागतच राहते' असे जे तू एका ओळीत कौतुकाने लिहून टाकलेस, त्यावर मला बरेच काही सांगायचे आहे.

चावण्याचे आधी उरकून टाकू. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात; साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. तेवढ्या काळात हिरड्या शिवशिवत राहणार आणि जे सापडेल ते चावले जाणार. चपला उंचावर ठेव आणि तिला चावण्यासाठी तिच्या हक्काच्या वस्तू दे. हाताला चावते त्याचे म्हणशील तर भावंडांत वाढताना पिल्लू एकदा फार जोरात चावले की दुसरे केकाटून खेळ सोडून जाते, आणि दात किती रोवायचे याचा अंदाज त्यातूनच येतो. तूही तेच कर. दात लागले की हात काढून घे, उठून जा, थोडा वेळ तिच्याकडे पाहू नकोस. तोंडावर चापट मारण्याचा काकांचा उपाय कृपा करून बंद करायला सांग. त्याने चावणे थांबत नाही, हाताची भीती तेवढी बसते.

घरात शू करण्याचेही तसेच आहे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला तर जो आकडा येतो, फार तर तितके तास ते रोखून धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे, आणि तोही शांत बसलेल्या पिल्लाचा. तीन महिन्यांच्या चिमीकडून रात्रभराची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच बाहेर ने आणि काम झाल्याबरोबर, तिथल्या तिथे, शाबासकी दे. घरात परत आल्यावर दिलेली शाबासकी कशाबद्दल आहे हे तिला कळत नाही. डाग पुसायला अमोनिया असलेले द्रावण वापरू नकोस, कारण मूत्रातही तोच वास असतो आणि ती पुन्हा त्याच कोपऱ्याकडे वळेल.

'रागावले की चेहरा पाडते, म्हणजे आपण चुकलो हे तिला समजते' असे वहिनींचे म्हणणे आहे. ॲलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये नेमके हेच तपासले होते. कुत्र्याला एखादा खाऊ खायला मनाई करून मालकाने खोलीबाहेर जायचे, आणि परत आल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे त्याला कधी खरे तर कधी खोटे सांगितले जायचे. तो पडलेला चेहरा, ती खाली घातलेली मान खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हती. मालक रागावला की ती दिसे, आणि काहीही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तर ती अधिकच ठळक होती. तेव्हा दोन तासांनी सापडलेल्या थारोळ्यावरून तिला रागावण्यात काही अर्थ नाही. निमूटपणे पुसून टाकावे.

लसींबद्दल तुझी तक्रार अशी, की एकच लस पुनःपुन्हा का? पहिल्या चिकातून आईची प्रतिकारद्रव्ये पिल्लाकडे येतात. ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात, पण लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नक्की कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत किमान १६ आठवड्यांपर्यंत जायचे असते, म्हणजे त्यातला एखादा तरी योग्य वेळी पडतो. मधला डोस चुकवू नकोस. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू फार चिवट असतो. मातीत तो कित्येक महिने टिकतो आणि फरशी पुसण्याच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. रेबीजच्या बाबतीत तर चालढकल करूच नये. लक्षणे दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत संसर्ग कुत्र्यांकडूनच होतो. तिला किंवा तुमच्यापैकी कोणाला बाहेरचे कुत्रे चावले, तर आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

पण याच ठिकाणी एक पेच आहे. लसी पूर्ण होईपर्यंत तिला घराबाहेर काढायचे नाही, असे तुम्ही ठरवले आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या गोष्टी सहज स्वीकारते. ते दिवस चार भिंतींत गेले, तर पुढे छत्री उघडली तरी गुरगुरणारा, अनोळखी माणूस दिसला की पलंगाखाली शिरणारा कुत्रा वाट्याला येतो. चिमीचे ते दिवस आता संपत आले आहेत. माझा मार्ग मधला आहे. अनोळखी कुत्री फिरतात तिथल्या जमिनीवर तिला सोडू नकोस, पण कडेवर घेऊन रोज बाहेर जा. गाड्यांचे आवाज, हेल्मेट घातलेली माणसे, काठी टेकत चालणारी माणसे, धावणारी मुले, हे सारे तिला सुरक्षित अंतरावरून पाहू दे. लसी पूर्ण झालेल्या एखाद्या शांत मोठ्या कुत्र्याशी ओळख करून दे. आणि घरी रोज तिचे पंजे हातात घे, कान उलटून बघ, ओठ वर करून दात बघ. पुढे नखे कापताना आणि डॉक्टरांच्या टेबलावर या सवयीचे मोल तुला कळेल.

आता तिच्या भुकेविषयी. लॅब्राडॉरचा हावरटपणा हा नुसता स्वभाव नाही. भूक भागल्याचा संदेश मेंदूला पोचवण्यात ज्या जनुकाचा वाटा असतो, त्याचा एक तुकडा अनेक लॅब्राडॉरमध्ये गळालेला असतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तपासलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत हा बदल होता. म्हणजे तुझ्यासमोर केविलवाणे डोळे करून बसलेली चिमी खरोखर उपाशी असेलच असे नाही. दुसरा एक अभ्यास मी भेटेल त्या प्रत्येक श्वानमालकाला सांगत असतो, आणि बहुतेक जण ऐकून न ऐकल्यासारखे करतात. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पोटभर खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे होते आणि बेताने खाणाऱ्यांचे १३ वर्षे. त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरू लागले. जवळजवळ दोन वर्षे, अविनाश! कोणत्याही औषधाने इतके मिळाले असते, तर आपण त्यासाठी रांगा लावल्या असत्या.

तिचे वजन योग्य आहे की नाही, हे काट्यापेक्षा हाताला आधी कळते. तिच्या बरगड्यांवरून बोटे हलकेच फिरव. उताण्या तळहातावरून फिरवल्यासारखे मऊ लागले, तर ती जाड आहे. वळलेल्या मुठीच्या पेरांसारखे टोचले, तर रोडावली आहे. आणि सरळ पसरलेल्या हाताच्या पाठीसारखे लागले, म्हणजे हाडे जाणवतात पण डोळ्यांत भरत नाहीत, तर ठीक चालले आहे. खाऊ देणारे हात घरात अनेक आहेत, म्हणून दिवसाचा पूर्ण वाटा सकाळीच एका डब्यात काढून ठेव. ज्याला लाड करायचे असतील त्याने त्या डब्यातूनच करावेत. डबा रिकामा झाला की लाडही संपले.

काय देऊ नये, हे स्वयंपाकघरात लिहून चिकटवून ठेव. चॉकलेट, आणि ते जितके गडद तितके अधिक घातक. द्राक्षे आणि मनुका, ज्यांच्या थोड्या प्रमाणानेही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कारण त्यांनी तांबड्या पेशी फुटतात. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम किंवा गोड पदार्थ. आणि शिजवलेली हाडे, ज्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात. आपल्या औषधांच्या पेटीतली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तिला आपल्या मनाने कधीही देऊ नये.

गोचिडीचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'एकच दिसली, काढून टाकली' असे तू लिहिले आहेस. कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी पोट भरले की अंगावरून गळून पडते. मग भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, अंथरुणाच्या शिवणीत शिरून कात टाकते, आणि शेवटी मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणजे चिमीच्या अंगावर एक दिसली, तेव्हा बाकीचा गोतावळा घरात आहे असे धरून चालावे. अंथरूण गरम पाण्यात धू, भेगा बुजव, कोपरे झाडून घे, आणि डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे गोचीडनाशक घेऊन ते ठरल्या दिवशी न चुकता दे. तुमच्याकडे मांजर आहे म्हणून बजावून सांगतो, कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. डॉक्टरांना मांजराचे आधीच सांग.

गोचीड शोधायची ती पाठीवर नव्हे. आमच्या बंड्याच्या अंगावर ती नेहमी कानाच्या आतल्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत किंवा पंजाच्या दोन बोटांमधल्या पडद्यावर सापडते. तिथे आधी मसुराएवढी फुगलेली, करड्या रंगाची गाठ लागते आणि केस बाजूला केल्यावर तिचे बारीक पाय दिसतात. टोकदार चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल किंवा पेटती काडी यांच्या फंदात पडू नये. आणि पुढचे काही आठवडे तिच्यावर लक्ष ठेवावे, कारण गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया यांसारखे रोग येतात. ताप, खाण्यावरची वासना उडणे, मलूलपणा, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

त्यासाठी तिचे नेहमीचे रूप तुला पाठ असले पाहिजे. कुत्र्याचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणून हात लावून 'अंग गरम आहे' म्हणण्याने काही कळत नाही, आणि कोरडे नाक हेही तापाचे लक्षण नव्हे. थर्मामीटरच लावावा लागतो. हिरडी मात्र बरेच सांगते. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबल्यावर पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. कुत्री दुखणे लपवतात. बंड्याचे आता वय झाले आहे, पण तो कधी कण्हत नाही. झोपेतून उठल्यावरची पहिली चार पावले तो आखडून टाकतो आणि मग काही झालेच नाही अशा ऐटीत चालू लागतो, एवढ्यावरूनच आम्हाला त्याच्या सांध्यांचे कळले. तेव्हा ती कशी बसते, कोणत्या कुशीवर झोपते, पाणी किती पिते, हे उगाचच बघत राहा. तुझा स्वभाव टिपणे काढण्याचा आहेच, तो इथे कामी येईल.

अंघोळीची फार घाई नको. ब्रश रोज हवा, अंघोळ मळल्यावर, आणि आपला शाम्पू तर नकोच. पाण्यात खेळली की कान आठवणीने कोरडे कर, कारण कुत्र्याच्या कानाची नळी आत जाऊन काटकोनात वळते आणि लोंबत्या कानाखाली ओल साठून दुर्गंधी सुटते. उन्हाळ्यात बंद गाडीत तिला क्षणभरही ठेवू नकोस. रस्त्यावर हाताची पाठ सात सेकंद टेकवता आली नाही, तर तिचे पंजेही तिथे टेकवू नयेत.

नसबंदीबद्दल तू संकोचाने विचारले आहेस. पिल्ले होऊ द्यायची नसतील तर ती करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. नसबंदी न केलेल्या माद्यांना माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका उतारवयापर्यंत राहतो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. मात्र मोठ्या जातींत हाडांची वाढ होऊ देण्यासाठी काही डॉक्टर थोडे थांबायला सांगतात, तर लवकर केल्यास स्तनांच्या गाठींची शक्यता घटते. या दोहोंचा मेळ तिची प्रकृती पाहून तुझ्या डॉक्टरांनीच घालावा.

पुढच्या डोसच्या दिवशी तिचे वजन करून मला कळव आणि जंताच्या औषधाची तारीखही विचारून घे. या वयात ते दर महिन्याला लागते, सहा महिन्यांनंतर अंतर वाढवता येते. बरगड्यांना हाताला काय लागले तेही लिही. काकांना आणि वहिनींना नमस्कार, मनूला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर