रोबो तयार आहे, सरावाला फरशी हवी : माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

रोबोकॉन या विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धेसाठी आपल्या मुलांचा रोबो उभा राहिला, पण तो धड चालवून बघायला मैदान नाही. म्हणून हे पत्र, घाईघाईतच.

2008 साली एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉन पुण्यात झाली. विषय गोविंदाचा, टांगलेल्या मटक्यांतलं लोणी रोबोंनी काढायचं. 2014 ला ती परत पुण्यात आली, तेव्हा पालक रोबोनं बाळ रोबोला सी-सॉवर, झोक्यावर खेळवायचं होतं. तेव्हापासून मंडळ या मुलांच्या मागे उभं आहे, हे जुन्यांना सांगायला नको. भोसरीच्या वर्कशॉपवाल्या काकांनी गिऱ्हाइकांची कामं उरकून रात्री दहानंतर लेथ मोकळं करून दिलं, झोक्याची चौकट स्वतः वेल्ड केली. ती चौकट अजून शेडमध्ये आहे (सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात). तपकीर गल्लीतल्या दुकानदारांनी वायर आणि कनेक्टर उधारीवर दिले आणि बिलाचं नावही काढलं नाही. या मंडळींचं ऋण फिटणारं नाही.

मागच्या वर्षीच्या आवाहनाला मात्र ग्रुपवर अंगठे भरपूर आले, प्लाय एकही आलं नाही.

रोबो बांधायला लोक मदत करतात, चाचणीचं मोल कुणाला वाटत नाही. सध्या मुलं व्हरांड्यातल्या टाइल्सवर तीन मीटर चालवतात. तेवढ्यात मोटरच्या डी-शाफ्टवर (एका बाजूनं चपटा दांडा) चाक धरून ठेवणारा ग्रब स्क्रू ढिला पडलेला कळतच नाही. एन्कोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) मोटरला, घसरतंय चाक. प्रोग्रामच्या हिशेबानं रोबो सरळ, प्रत्यक्षात तिरका. निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला पडू न देणारा डिंक) लावलंय, पण ते टिकतं का हे लांब धावेतच दिसेल. दुसरं, बॅटरी एकच. सहा सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरल्यावर 25.2 व्होल्ट देते, तेव्हा सगळं झकास. ती उतरल्यावर चारही मोटरी एकदम उलट्या फिरवल्या की व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलर रीसेट होतो. मग तासभर चार्जिंगची वाट बघत बसायचं.

लागतंय ते असं : 12 मिमी प्लाय, 8×4 फुटी, 16 शीट (वापरलेलं चालेल, फुगलेलं नको, सांध्यावर दोन मिमीची पायरी आली तरी मेकॅनम चाकं, म्हणजे कडेला तिरके रोलर असलेली, उडतात), एन्कोडरसह 24 व्होल्टच्या प्लॅनेटरी गिअर मोटरी 4, चारही एकाच आरपीएमच्या, सहा सेलच्या लायपो 2, मोटर ड्रायव्हर (मोटरीची वीज कमी-जास्त करणारं सर्किट) 2, 32×16 फुटांची बंदिस्त जागा, खिडक्या झाकता येतील अशी, कारण ऊन पडलं की जमिनीवरची रेघ ओळखणारे लाइन सेन्सर फसतात. पैसे मंडळाच्या नेहमीच्या खात्यात, शेऱ्यात ‘रोबो’ लिहा, पावती मिळेल. सामान शेडवर, संध्याकाळी सहानंतर. टेम्पो आणणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, मागच्या फाटकाची किल्ली वॉचमनकडून घ्यावी लागते.

आपला,
चिटणीस, माजी विद्यार्थी मंडळ